सरकारांचं तोंड

आमच्या लालबागच्या चाळीत राधाबाई गावणकर माणसं पायांवरून ओळखायच्या. दारात कोण उभं आहे हे पाहायला त्यांना मान वर करावी लागत नसे. सुपातल्या तांदळांतले खडे वेचता वेचता त्या म्हणत, "या मुकादम, बसा," आणि खरोखरच मुकादम आलेला असे. चाळीतली पोरं त्यांची परीक्षा घ्यायला एकमेकांच्या वहाणा घालून त्यांच्या दारावरून जायची. राधाबाई खालच्या मानेनंच सांगायच्या, "वहाण मोऱ्यांच्या बंड्याची, चाल सावंतांच्या पोराची. चला, पळा आता." पोरं खिदळत पळायची.

मी सुनंदा, त्यांच्या शेजारच्या खोलीत आईबरोबर राहणारी, म्युनिसिपालिटीच्या शाळेतली मास्तरीण. जीभ तिखट म्हणून माझं लग्न जमलं नाही असं चाळीचं मत होतं. माझं मत असं की लग्न जमलं नाही म्हणून जीभ शाबूत राहिली. राधाबाईंची ती खाली मान मला आधी नुसता लाजाळूपणा वाटायची आणि मी त्यांना चिडवायची. "नवऱ्याचं तरी तोंड पाहिलं होतंत का हो?" असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कधी बघणार, बाई? त्यांची रातपाळी, माझं दिवसाचं काम. नीट ओळख व्हायच्या आत ते गेले पण." आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसल्या.

तो लाजाळूपणा नव्हता. माझ्याशी, माझ्या आईशी, पोरासोरांशी त्या चांगल्या डोळ्याला डोळा देऊन बोलायच्या. पण समोर जरा वरच्या पायरीचा पुरुष आला, म्हणजे गिरणीचा मुकादम, डॉक्टर, पोलीस, की मान आपोआप खाली. ती मान लहानपणीच तशी वळवून ठेवलेली होती.

राधाबाई तांबळखोऱ्याच्या. घाटाच्या पायथ्याचं हे एवढंसं संस्थान, पण राजवाड्यात थाट मोठा. आई तिथे भांड्यांना होती, तिच्यामागून राधाबाई परकर घालायच्या वयातच कामाला लागल्या. तिथला पहिला धडा असा की सरकार समोरून आले तर बाईमाणसानं जिथे असेल तिथे थांबायचं, पदर पुढे ओढायचा आणि नजर जमिनीवर ठेवायची. सरकार जाईपर्यंत. कुणा एका मोलकरणीनं म्हणे एकदा वर पाहिलं, तर तिच्या सगळ्या घराला गाव सोडायला लावलं. ही गोष्ट राधाबाईंच्या आईनं त्यांना इतक्या वेळा सांगितली होती की त्या मोलकरणीचं नाव, तिच्या गाईचा रंगसुद्धा त्यांना पाठ होता.

लग्न होऊन त्या लालबागला आल्या. नवरा गिरणीत, क्षयानं गेला. मागे चंपा ही एकुलती एक मुलगी. राधाबाईंनी मिरच्या कांडल्या, लोकांची धुणी केली, पोरीला शाळेत घातलं. ती माझ्याच वर्गात आली. हुशार नव्हती, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं तरी उभी राहून, माझ्याकडे सरळ बघून, "येत नाही, बाई," म्हणायची. मला हे फार आवडायचं. मी वर्गाला सांगायची, चुकलं तरी चालेल, पण मान वर करून चुका.

मग संस्थानं विलीन झाली आणि तांबळखोऱ्याचे सरकार, रघुवीरराव, राणीसाहेबांना घेऊन वरळीला समुद्रासमोर बंगला बांधून राहिले. राधाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. "आपले सरकार मुंबईला आले हो!" असं त्यांनी चाळभर सांगितलं, जणू काही सरकार यांच्याच खोलीत उतरणार होते. दुसऱ्या दिवशी जाऊन उभ्या राहिल्या आणि बंगल्यावर कामाला लागल्या. चाळीतल्या सगळ्यांना वाटलं, चला, बाईचं बरं झालं. मलाही वाटलं, उगीच खोटं कशाला बोलू.

चंपा सातवी झाल्यावर तीही जाऊ लागली. राणीसाहेबांची लुगडी, शालू, सरकारांचे अंगरखे यांची निगा, इस्त्री, घड्या, हे तिचं काम. पहिल्याच दिवशी जिन्यात सरकार समोर आले. "नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं. चंपानं मान वर करून त्यांच्याकडे पाहत सांगितलं, "चंपा गावणकर." त्या संध्याकाळी राधाबाईंनी तिला मारलं. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. मी जाऊन मध्ये पडले तर चंपा रडत नव्हती, उलट तिला मजा वाटत होती.

"अगो आये, घाबरतेस काय? साधाच माणूस आहे तो. सांगू कसा दिसतो? त्याचे डोळे ना—"

"गप!" राधाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "एक शब्द बोलू नको. सरकारांच्या तोंडाचं बोलायचं नाय."

"बरं, नाही सांगत. तुझंच नुकसान," चंपा म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार अशी घोषणा झाली आणि गिरणगाव पेटलं. दगड, अश्रुधूर, गोळीबार, मग संचारबंदी. त्या दिवसांत मायलेकी बंगल्यावरच अडकून पडल्या. राणीसाहेब माहेरी गेलेल्या. घरात सरकार, एक म्हातारा आचारी, फाटकावर पहारेकरी आणि या दोघी.

दुपारची वेळ. आचारी जेवून झोपला होता. राधाबाई मागच्या जिन्याच्या खालच्या पायरीशी सूप घेऊन बसल्या होत्या. वर कपड्यांच्या खोलीत चंपा इस्त्री करत होती. वरून आधी सरकारांचा आवाज आला, मग चंपाचा. "नाही म्हटलं ना," असं तिनं म्हटलेलं राधाबाईंनी स्पष्ट ऐकलं. मोठ्यानं, मान वर करून म्हणावं तसं. मग काहीतरी जड पडलं. मग काहीच नाही.

थोड्या वेळानं जिन्यावरून पावलं उतरली. राधाबाईंनी पदर ओढला, नजर खाली. अनवाणी पाय त्यांच्यासमोर येऊन थांबले. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. हे पाय त्या जन्मभर ओळखत होत्या.

"वर जाऊ नकोस," सरकार म्हणाले.

आणि राधाबाई वर गेल्या नाहीत. भिंतीची सावली सरकून सुपात आली तरी त्या तिथेच बसून होत्या. गाडी बाहेर पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. आचारी उठून चहाला विचारायला वर गेला, त्याची किंकाळी ऐकू आली, तेव्हा त्या उठल्या. चंपा जमिनीवर होती. कोळशाची जड इस्त्री बाजूला पडलेली, निखारे विझून गेलेले. अंग अजून ऊन होतं. पुढे पोलिसांच्या डॉक्टरनं सांगितलं की मुलगी लगेच गेलेली नसावी. हे राधाबाईंना सांगायची काही गरज होती का? पण शिकलेल्या माणसांना खरं बोलायची हौस नको तिथे येते.

सरकार गेले ते गेलेच. गाडी शीवच्या पलीकडे खाडीपाशी उभी सापडली, दार उघडं, आत कुणी नाही. पोलीस बंगल्यावर पोचेपर्यंत दोन दिवस उलटले होते, कारण सगळे पोलीस आमच्या गिरणगावात आमच्यावर नेम धरून उभे होते. कुणी म्हणालं सरकारांनी खाडीत जीव दिला, कुणी म्हणालं नेपाळला गेले, कुणी म्हणालं गोसावी झाले. घराण्याच्या वकिलानं तर कमालच केली. त्याचं म्हणणं, दंगेखोर बंगल्यात शिरले, त्यांनी मोलकरणीला मारलं आणि सरकारांना पळवून नेऊन त्यांचाही घात केला. म्हणजे सरकार बिचारे. वर्तमानपत्रांत त्यांचा फोटो आला, त्याखाली 'बेपत्ता संस्थानिक'. चंपाचं नाव कुठेच नव्हतं. 'एक मोलकरीण' एवढंच.

या सगळ्याला आडवं येणारं एकच माणूस होतं. राधाबाई. सरकार एकटेच खाली आले, एकटेच गेले, मी पाहिलं, असं त्यांनी जबाबात सांगितलं. इन्स्पेक्टर जगतापांनी ते लिहून घेतलं. जगताप माणूस वाईट नव्हता. तो त्यांना म्हणाला, "बाई, तो सापडला ना, तर सगळं तुमच्यावर आहे. तुम्ही फक्त बोट दाखवायचं, हाच तो म्हणून. पुढचं मी बघतो."

त्यानंतर राधाबाई त्या एका गोष्टीसाठी जगल्या. त्यांना फाशी नको होती, भरपाई नको होती. "बाई, कोर्टात कुणीतरी मोठ्यानं म्हणायला पायजे," त्या मला सांगायच्या, "की चंपा गावणकरला सरकारांनी मारलं. तिच्या नावानं. मग मी सुटले." खुन्याला अहो-जाहो कसलं करता म्हणून मी भडकायची. "तोंडात बसलंय, काय करू," म्हणायच्या. अधूनमधून त्या चौकीवर जाऊन बाकावर बसून यायच्या. जगताप बाहेर येऊन मान हलवायचा, की या परत.

एकदा आमच्या मंडळाचा दत्ताराम आला. गोळीबारात गेलेल्या आसपासच्या माणसांचे फोटो मंडळाच्या खोलीत लावायचे होते. त्याला चंपाचाही लावायचा होता. मनात पाप नव्हतं त्याच्या. "मावशी, त्याच दिवसांत गेली ना ती? ती आमचीच. लोक हार घालतील, दरसाल नाव घेतील."

मी तेव्हा तिथे होते. खरं सांगायचं तर मला वाटलं, घ्या, हो म्हणा. चार लोकांनी नाव घेतलं तर बिघडलं काय? न्याय काही मिळत नाही, निदान मान तरी मिळेल.

राधाबाई म्हणाल्या, "दत्ताराम, ती पोरं मोर्च्यात गेली, गोळ्या झेलल्या. त्यांचा मान त्यांना दे. माझी लेक घरात मेली. तिला कुणी मारलं ते मला ठावं हाय. तिचा फोटो तिथं लागला, की तो माणूस सुटला." दत्ताराम उठून गेला. मला माझीच लाज वाटली. चार इयत्तांचीही शाळा न केलेल्या बाईला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं.

साठ सालच्या एप्रिलमध्ये जगताप स्वतः चाळीत आला. कृष्णेकाठच्या एका मठात दाढीवाला एक माणूस पकडला होता. तांबळखोऱ्याच्या एका सोनाराला तो सरकारांसारखा वाटला होता, पण शपथेवर सांगायची त्याची छाती होईना. माणूस स्वतःचं नाव भलतंच सांगत होता. राणीसाहेब आणि सरकारांचे धाकटे भाऊ येऊन बघून गेले आणि दोघांनीही सांगितलं, हा नव्हेच. म्हातारा आचारी वारला होता, पहारेकरी गावी जाऊन दिसेनासा झाला होता. उरल्या राधाबाई. तुरुंगात ओळख परेड ठरली होती.

चाळीत दिवाळी आल्यासारखं झालं. माझ्या आईनं शिरा केला. राधाबाई मात्र काही खाईनात. परेडच्या आदल्या संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि दार लावून घेतलं.

"बाई, एक सांगायचंय. मी सरकारांचं तोंड कधी बघितलेलं नाय."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे त्या दिवशी?"

"कधीच. जन्मात नाय. मी पाय बघितले. आवाज ऐकलाय. सरकारच होते ते, देवाशपथ. पण तोंड..." त्यांनी हात हलवला. "मला कुणी विचारलंच नाय हो, तोंड बघितलंस काय म्हणून."

खरंच होतं. पोलीस, वकील, मी, सगळे धरून चाललो होतो की माणूस पाहिला म्हणजे तोंड पाहिलं. दुसरं काही असू शकतं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी ट्रंकेतून जुनं वर्तमानपत्र काढलं, त्यात सरकारांचा फोटो होता. "बघा, नीट बघून घ्या," मी म्हटलं. हे कायद्यात बसत नव्हतं ते मला ठाऊक होतं, आणि मला त्याची फिकीर नव्हती. राधाबाईंनी फोटो हातात घेतला आणि आधी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. कागदावरच्या सरकारांसमोर! मग म्हणाल्या, "हे पागोटं माझ्या वळखीचं हाय. गणपतीच्या दरबाराचं. त्याची पेटी मीच पुसायची." पागोटं, कंठा, अंगरख्याचे बंद, सगळं ओळखलं त्यांनी. मधला चेहरा त्यांच्या नजरेला दिसतच नव्हता. मी त्यांची हनुवटी धरून वर केली तर डोळे मिटून घेतले.

सकाळी मी जगतापांना गाठलं आणि सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसला. "सात वर्षं एका घरात, आणि तोंड पाहिलं नाही?"

"नाही."

"असं कसं होईल? बाईमाणूस आहे, चोरून कधीतरी बघितलंच असेल."

"तुम्ही ओळखता का त्यांना? नाही बघितलं. पण पाय ओळखतील. पाय दाखवा."

तो म्हणाला, "पायच झाकावे लागणार आहेत. त्या माणसाची डाव्या पायाची दोन बोटं नाहीत. बैलगाडीखाली गेली म्हणतो. रांगेत एकाच माणसाची बोटं नसली तर ती खूण होते, मग परेड रद्द. म्हणून सगळ्यांना कमरेपासून खाली चादरी गुंडाळणार."

"कुठली दोन बोटं?"

"करंगळी आणि तिच्या शेजारचं."

"अहो, तीच तर! बोटावर बोट चढलेलं होतं सरकारांचं. तीच कापली असणार!"

"असणार," जगताप म्हणाला. "पण राणीसाहेब सांगतात, सरकारांचे पाय अगदी सरळ होते. आता काय कापलेली बोटं आणून दाखवू कोर्टात?"

तेव्हा मला त्याचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, तो माणूस नियमाप्रमाणे वागत होता आणि नियमही वाईट नव्हता. कुणा निरपराध्यावर बोट येऊ नये म्हणूनच केलेला. पण ज्या बाईला जन्मभर फक्त पाय बघायला शिकवलं तिच्यासमोर पाय झाकून तोंडं उघडी ठेवायची, याला नियम म्हणायचं की थट्टा?

तुरुंगाच्या फाटकाबाहेर मी उन्हात उभी होते. आत काय झालं ते राधाबाईंनी मला नंतर सांगितलं, आणि ते कितीदा तरी सांगितलं, त्यामुळे मी तिथे असल्यासारखंच मला दिसतं.

मॅजिस्ट्रेट कमलाकांत विजयकर म्हणून होते, गिरगावातले, मऊ बोलणारे. रांगेत नऊ दाढीवाले, सगळ्यांना करड्या चादरी, जमिनीपर्यंत. राधाबाई आत गेल्या त्या खालीच बघत. चादरींचे काठ बघत त्या रांगेवरून गेल्या.

"बाई, खाली नाही. तोंडाकडे बघायचं," विजयकर म्हणाले.

"साहेब, पाय दाखवा."

"ते नाही करता येणार. तोंडाकडे बघा. घाबरू नका, इथे तुम्हाला कुणी काही करणार नाही. ओळखलंत तर त्याच्या खांद्यावर हात ठेवा, एवढंच."

मग राधाबाईंनी मान वर केली. वयाची पन्नाशी आलेल्या बाईनं परक्या पुरुषांच्या तोंडाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. पहिल्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे. "नुसती तोंडं, बाई," त्या मला म्हणाल्या. "नाक, डोळे, दाढी. सगळी सारखीच. मला वाटलं, यातलं कुठलं पण असंल." तिसरा, चौथा, पाचवा. पाहता आलं. मान ताठ राहिली. चंपाची आठवण आली, असंच बघायची ती, वाटलं.

सहाव्यासमोर आल्या आणि मान खाली गेली. त्यांनी घातली नाही, ती गेली. त्यांनी पुन्हा वर केली. पुन्हा गेली. तो काही बोलला नव्हता, हलला नव्हता. नुसता त्यांच्याकडे बघत होता. त्या पुढे गेल्या. सातवा, आठवा, नववा. मान वरच. परत फिरून सहाव्यापाशी आल्या. पुन्हा मान खाली.

विजयकरांनी बराच वेळ वाट पाहिली. पाणी मागवून दिलं. "बाई, यातलं कुणी ओळखता का?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं. राधाबाई चादरीच्या काठाकडे बघत उभ्या होत्या. मग मॅजिस्ट्रेटनं लिहिलं की साक्षीदारानं कुणालाही ओळखलं नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चालण्यावरूनच मी ओळखलं. आम्ही पायीच निघालो. रस्त्यात जिकडे तिकडे तोरणं आणि दिव्यांच्या माळा लावणं चाललं होतं, कारण दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र होणार होता. ज्यासाठी आम्ही लाठ्या खाल्ल्या, ज्यासाठी माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप गेला, ते मिळालं होतं. दत्ताराम शिडीवर चढून मंडळाचा झेंडा बांधत होता, त्यानं वरून ओरडून विचारलं, "मावशी, झालं का काम?" मी हातानंच त्याला गप्प केलं.

परळच्या नाक्यावर राधाबाई थांबल्या आणि त्या सहाव्या माणसाचं सांगितलं. मान कशी गेली ते.

"म्हणजे तोच!" मी रस्त्यात ओरडले. "राधाबाई, तोच होता तो! बाकीच्या आठांपुढे गेली का तुमची मान अशी?"

"तोच होता," त्या म्हणाल्या. "मला कळलं तिथंच."

"मग खांद्यावर हात का नाही ठेवलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

"सरकारांना हात कसा लावायचा, बाई?"

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं आणि मिठी मारावीशी वाटली, आणि मी दोन्हीतलं काही न करता तिथे भर रस्त्यात रडले. त्या रडल्या नाहीत. त्याच म्हणाल्या, "चला, तुमची आई वाट बघत असंल."

मी दुसऱ्या दिवशी जगतापांकडे गेले. सुट्टी असून तो चौकीवर होता. मी सांगितलं त्यानं ते ऐकून घेतलं. "मान खाली गेली, हा पुरावा मी कुठल्या कलमाखाली देऊ?" तो म्हणाला. परेड दुसऱ्यांदा होत नाही. महिनाभरात त्या माणसाला सोडून दिलं. तो पुन्हा त्या मठात गेला नाही. कुठे गेला कुणाला माहीत नाही. फाईल बंद केली नाही, पण उघडलीही नाही. पुढे जगताप बदलून गेला आणि त्याच्या जागी आलेल्याला राधाबाई कोण हेसुद्धा सांगावं लागलं. त्यानंतर त्या चौकीवर गेल्या नाहीत.

चंपा गावणकरला सरकारांनी मारलं, हे कोर्टात कुणी म्हटलं नाही. मंडळाच्या खोलीतही तिचं नाव नाही. मी इथे लिहिते आहे तेवढंच.

राधाबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. पोरांनी वहाणा बदलून त्यांच्या दारावरून जाणं केव्हाच सोडून दिलं होतं, कारण त्या आता ओळखूनही काही बोलत नसत. त्यांच्या खोलीत चंपाचा एकच फोटो होता, शाळेतल्या वर्गाचा, मीच काढवून घेतलेला. त्यातली चंपा कापून, मोठी करून मी चौकट करून दिली होती. सगळ्या मुली कॅमेऱ्याला बिचकून इकडेतिकडे बघताहेत आणि ती एकटी सरळ समोर बघते आहे.

रोज सकाळी त्या फोटो पुसायच्या, फूल वाहायच्या. एकदा मी बाजूला उभी होते तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या फोटो पुसत होत्या, पण नजर खाली, भिंतीच्या पायाशी होती. पदर पुढे ओढलेला.

"राधाबाई, वर बघा की. तुमची चंपाच आहे ती."

"बघवत नाय," त्या म्हणाल्या. "ती बघते ना माझ्याकडं." मग फूल फोटोवर ठेवायला हात वर केला, तो चाचपडत चौकटीला लागला. "तुम्ही सांगा, बाई. कशी दिसते ती? डोळे कसे आहेत तिचे?"

आणि मी सांगायची. शेवटपर्यंत रोज सकाळी, शाळेत जायच्या आधी, मी त्यांच्या दारात उभी राहून त्यांना त्यांच्या मुलीचे डोळे कसे होते ते सांगायची, आणि त्या कान देऊन ऐकायच्या.